एकाच लायब्ररीत एलटीओ-५ आणि एलटीओ-७ ड्राइव्ह : मीडिया टाइप काय द्यावा?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं संगणकाचं सगळं काम माझ्याकडं आहे. सर्व्हरच्या खोलीत २४ स्लॉटची टेप लायब्ररी आहे, दोन ड्राइव्हची. आधी दोन्ही ड्राइव्ह एलटीओ-५ होते (एलटीओ म्हणजे बॅकअपच्या टेपचा प्रकार, पुढचा आकडा पिढीचा). त्यातला एक बंद पडला तेव्हा देखभालवाल्यांनी त्या जागी एलटीओ-७ बसवला, सोबत एलटीओ-७ च्या कोऱ्या टेप दिल्या, पडद्यावर दोन्ही ड्राइव्ह चालू दाखवले आणि सही घेऊन गेले. बॅकअपला बाक्युला नावाचं सॉफ्टवेअर आहे. त्याच्या कॉन्फिगला कुणी हात लावला नाही. तिथं आजही दोन्ही ड्राइव्हला मीडिया टाइप, म्हणजे टेपच्या प्रकाराचं नाव, नुसतं 'एलटीओ' असंच आहे.

तेव्हापासून रात्रीचा बॅकअप कधी होतो, कधी अडकून बसतो. सकाळी येऊन बघावं तर जॉब 'प्लीज माउंट अपेंड व्हॉल्यूम' म्हणून थांबलेला. कधी लॉगमध्ये 'मार्किंग व्हॉल्यूम इन एरर इन कॅटलॉग' अशी ओळ. लिस्ट मीडिया काढलं तर चांगल्या चांगल्या टेप एररमध्ये पडायल्यात, त्यात मार्चअखेरच्या पण आहेत. नवल म्हणजे एरर दाखवणाऱ्या एका टेपवरून फाइल रिस्टोर केली तर नीट आली. टेप खराब नाही, ड्राइव्ह नवा आहे, मग बिघडलंय कुठं? मीडिया टाइपचा संबंध असावा असं वाटायलंय. जाणकारांनी सांगावं.

हुरडा

भाऊ, आमच्याकडं पण सगळ्या ड्राइव्हला एकच नाव आहे आणि काही त्रास नाही. मीडिया टाइप म्हणजे नुसतं नाव असतंय, त्यात तपासणी काहीच नसते. मला तर टेपचा लॉट खराब वाटायलाय. उन्हाळ्यात आपल्याकडं कुरिअरच्या गाडीत काय उकडतंय माहीतच आहे.

जुना_ऑपरेटर

हुरडा, तुमच्याकडं सगळे ड्राइव्ह एकाच पिढीचे असतील, म्हणून त्रास नाही. मीडिया टाइप म्हणजे नुसतं नाव असतं हे तुमचं म्हणणं मात्र अगदी खरं आहे, आणि मांजराकाठ यांची अडचण नेमकी त्यातूनच आली आहे. बाक्युलाला एलटीओ म्हणजे काय हे कळत नाही. तिथं 'ज्वारी' लिहिलं तरी चालतं. ते एवढंच बघतं की कॅटलॉगमध्ये, म्हणजे त्याच्या टेपांच्या नोंदवहीत, टेपपुढं जे नाव आहे तेच नाव या ड्राइव्हच्या नोंदीत आहे का. असेल तर त्याच्या लेखी ती टेप त्या ड्राइव्हमध्ये चालते. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि शेत कसणारा दुसरा, तशी गत. कागद बघणाऱ्याला बांधावर काय चाललंय ते दिसत नाही.

आता बांधावर काय चाललंय ते बघा. एलटीओ-५ (२०१०, टेपची मूळ क्षमता १.५ टीबी) ड्राइव्ह ५ आणि ४ वर लिहितो, ३ नुसती वाचतो. एलटीओ-७ (२०१५, ६ टीबी) ड्राइव्ह ७ आणि ६ वर लिहितो, ५ नुसती वाचतो. म्हणजे तुमच्या दोन ड्राइव्हना दोन्ही लिहू शकतील अशी एकही सामाईक टेप नाही. ५ ची टेप दोन्हीकडं वाचता येते, बस.

त्यामुळं घडतं असं. बाक्युला एल७ लेबलची टेप जुन्या ड्राइव्हमध्ये पाठवतं. ड्राइव्ह टेपमधली चिप वाचतो, आपल्यापेक्षा पुढची पिढी आहे हे ओळखतो आणि टेप घ्यायला नकार देतो. मग जॉब माउंटसाठी वाट बघत रात्र काढतो. दुसऱ्या दिवशी एल५ टेप नव्या ड्राइव्हमध्ये जाते. तिथं लेबल वाचून होतं, सगळं ठीक वाटतं, पण लिहायची वेळ आली की ड्राइव्ह नाही म्हणतो आणि बाक्युला टेपला दोषी धरून एरर मारतं. म्हणून तुमची फाइल परत आली. मजकुराला धक्काच लागलेला नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे त्या एररवाल्या टेप कुणालाही पर्ज किंवा डिलीट करू देऊ नका. 'खराब टेप काढून टाका' असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील.

गोदातीर

जुना_ऑपरेटर काकांनी मुद्द्याचं सांगितलं. मी नांदेडची, नेटबॅकअप या दुसऱ्या बॅकअप सॉफ्टवेअरवर काम करते. तिथंही हाच पेच वेगळ्या कपड्यात भेटतो. एचकार्ट, एचकार्ट२, एचकार्ट३ असे प्रकार असतात आणि नवीन माणसाला वाटतं की २ म्हणजे एलटीओ-२ असणार. तसं काही नाही. ती तीन खणांची नावं आहेत, कोणत्या खणात कोणती पिढी ठेवायची ते आपण ठरवायचं आणि ड्राइव्ह, टेप, स्टोरेज युनिट तिन्हीकडं तेच पाळायचं. कुठंतरी एकीकडं चुकलं की कोऱ्या टेपांनी लायब्ररी भरलेली असताना स्टेटस ९६ येतो, म्हणजे 'बॅकअपसाठी नवीन मीडिया मिळत नाही'. समोर टेप दिसायल्यात आणि सॉफ्टवेअर नाही म्हणतंय, तेव्हा माणूस टेप सोडून सगळं तपासत बसतो.

आणखी एक. नेटबॅकअपचे बारकोड नियम लेबलच्या सुरुवातीच्या अक्षरांवर चालतात, पिढी मात्र शेवटच्या दोन अक्षरांत असते, एल५, एल७. त्यामुळं लेबल छापून घेतानाच प्रत्येक पिढीला सुरुवातीची अक्षरं वेगळी घ्यावीत. मीडिया आयडी तिथं सहाच अक्षरांचा आणि मूळ सेटिंगमध्ये बारकोडची शेवटची सहा अक्षरं उचलली जातात, हेही डोक्यात ठेवावं.

मांजराकाठ दादा, तुमची लायब्ररी बारकोड आठ अक्षरी देते की सहा अक्षरी? काही लायब्रऱ्यांत शेवटची दोन अक्षरं गाळायची सेटिंग असते. तसं असेल तर कॅटलॉगमधल्या नावावरून पिढी कळणारच नाही, टेप हातात घेऊन बघावी लागेल. आणि टेपच्या रंगावर अजिबात जाऊ नका. प्रत्येक कंपनी आपापले रंग वापरते.

मांजराकाठ

ताई, आठ अक्षरी आहे. कॅटलॉगमध्ये नावं एल५, एल७ सकट दिसायल्यात. तेवढं बरं झालं.

काका, तुम्ही म्हणताय ते पटलं, पण एक गोष्ट बसेना. कधी कधी एल७ टेप जाऊन बॅकअप पूर्ण पण होतो, मग पुढं चार रात्री सलग अडकतो. नावामुळं गोंधळ असेल तर तो रोज एकसारखा व्हायला पाहिजे ना?

जुना_ऑपरेटर

चांगला प्रश्न. बरोबर टेप बरोबर ड्राइव्हमध्ये जाण्याचा योग अधूनमधून येणारच. पण सलग चार रात्री अडकणं म्हणजे आणखी काहीतरी आहे. तुमच्याकडं लाइट जाऊन सर्व्हर पुन्हा चालू झाल्यावर हे सुरू होतं का, ते आठवून बघा.

लायब्ररीच्या दृष्टीनं ड्राइव्ह ० आणि ड्राइव्ह १ ठरलेले असतात, कारण ते तिच्या अंगातच बसवलेले आहेत. लिनक्स मात्र चालू होताना जो ड्राइव्ह आधी सापडेल त्याला एनएसटी० म्हणतं, नंतरच्याला एनएसटी१. हा क्रम दर वेळी तोच राहील याची हमी नाही. कॉन्फिगमध्ये ड्राइव्ह इंडेक्स ० पुढं एनएसटी० लिहिलेलं असेल आणि रीबूटनंतर क्रम उलटला, तर लायब्ररीचा हात टेप एका ड्राइव्हमध्ये घालतो आणि बाक्युला दुसऱ्याच ड्राइव्हचं दार ठोठावतं.

तपासायला सोपं आहे. सगळे जॉब थांबवा. एमटीएक्सनं (लायब्ररीचा हात हलवायची आज्ञा) एक एल५ टेप ड्राइव्ह ० मध्ये घाला. मग एमटीनं (ड्राइव्हला विचारायची आज्ञा) एनएसटी० चं स्टेटस बघा, एनएसटी१ चंही बघा. ज्याच्यात टेप दिसेल तो खरा ड्राइव्ह ०. त्याच आउटपुटमध्ये डेन्सिटी कोड येतो, तो आत घातलेल्या टेपची पिढी सांगतो. एलटीओ-५ चा हेक्समध्ये ५८, एलटीओ-६ चा ५ए, एलटीओ-७ चा ५सी. लेबल बघून खात्री धरण्यापेक्षा हा आकडा बघावा. एल७ लेबल चुकून ६ च्या टेपवर चिकटवलेलं मी बघितलं आहे, लायब्ररी ते निमूट मान्य करते.

मांजराकाठ

केलं. टेप घातली ड्राइव्ह ० मध्ये. एनएसटी० म्हणतंय ड्राइव्ह रिकामा, आणि एनएसटी१ दाखवतंय डेन्सिटी कोड ५८. म्हणजे क्रम उलटा झालेला आहे. परवा रात्री इन्व्हर्टर पण उतरला होता, सर्व्हर सकाळी परत चालू केला. तुमचा अंदाज बरोबर निघाला.

जुना_ऑपरेटर

मग आधी हे बांधून टाका. डेव्हमध्ये टेप नावाची फोल्डर असते, तिच्यात बाय-आयडीखाली प्रत्येक ड्राइव्हचं त्याच्या सिरियल नंबरावरून ठरलेलं नाव मिळतं. बाक्युलाच्या डिव्हाइस नोंदीत एनएसटी० ऐवजी ते नाव लिहा, शेवटी एनएसटी असलेलं. रिवाइंडवालं घेऊ नका. चेंजरचं, म्हणजे लायब्ररीच्या हाताचं, पण तसंच करा. मग लाइट किती का वेळा जाईना, नाव बदलत नाही.

हे झाल्यावर मीडिया टाइप. क्रम चुकवू नका:

सगळ्यात आधी कॅटलॉगचा डंप (पूर्ण प्रत) काढून दुसऱ्या मशीनवर ठेवा. त्यानंतर स्टोरेज डीमनमध्ये (बाक्युलाचा ड्राइव्ह सांभाळणारा भाग) जुन्या ड्राइव्हला 'एलटीओ-५', नव्याला 'एलटीओ-७' असे दोन वेगळे मीडिया टाइप द्या, आणि डायरेक्टरमध्येही (जॉब चालवणारा भाग) दोन वेगळ्या स्टोरेज नोंदी करा. दोन्हीकडचं नाव अक्षरन् अक्षर सारखं पाहिजे. एकीकडं मधली आडवी रेघ आणि दुसरीकडं मोकळी जागा, एवढ्यावरही जॉब अडकून राहतो. पूल, म्हणजे टेपांचे गट, पण पिढीनुसार वेगळे करा आणि कोणत्या पूलला कोणता स्टोरेज ते पूलच्या नोंदीतच लिहा, म्हणजे जॉबमध्ये कुणी काही लिहिलं तरी पूलचं चालतं. कोऱ्या टेपांसाठी स्क्रॅच पूल मात्र एकच ठेवला तरी हरकत नाही, तिथून उचलताना बाक्युला मीडिया टाइप बघूनच उचलतं.

राहिल्या जुन्या टेप, ज्यांच्यापुढं कॅटलॉगमध्ये अजून 'एलटीओ' आहे. अपडेट व्हॉल्यूमच्या मेनूत मीडिया टाइप बदलायची सोय नाही. थेट डेटाबेसमध्ये मीडिया टेबलवर एसक्यूएल अपडेट चालवावी लागेल. व्हॉल्यूमचं नाव एल५ नं संपत असेल तर एलटीओ-५, एल७ नं संपत असेल तर एलटीओ-७. अपडेटच्या आधी त्याच अटीवर सिलेक्ट चालवून यादी डोळ्यांखालून घाला.

गोदातीर

एररवाल्या टेपांचं पण सांगा ना काका. दादा घाईत अपेंड करतील.

जुना_ऑपरेटर

बरं झालं आठवण केलीत. एररमधून काढताना अपेंड नको, 'यूज्ड' करा. अर्ध्यात तुटलेल्या टेपवर कॅटलॉगमधला फाइलचा आकडा आणि टेपवरचा आकडा जुळेलच असं नाही. नाही जुळला की बाक्युला पुन्हा एरर देतं. यूज्ड केलं की आतला मजकूर जपला जातो आणि मुदत संपल्यावर टेप आपोआप फिरून वापरात येते. ज्या टेप वर्षानुवर्षं ठेवायच्या आहेत, म्हणजे तुमच्या मार्चअखेरच्या, त्यांना 'रीड-ओन्ली' करा आणि रिसायकल बंद करा.

हुरडा

माझं मत मागं घेतो, टेपच्या लॉटचा संबंध दिसत नाही. पण एक शंका आहे. लायब्ररी एकच, हात एकच, आणि स्टोरेज नोंदी दोन. मग अपडेट स्लॉट्स मारल्यावर बाक्युला सगळ्या टेप एकाच स्टोरेजच्या नावावर टाकणार नाही का?

जुना_ऑपरेटर

टाकणार. अगदी नेमकी जागा पकडलीत. म्हणून स्लॉट वाटून घ्यायचे. समजा १ ते १२ मध्ये एल५ आणि १३ ते २४ मध्ये एल७. अपडेट स्लॉट्स करताना स्टोरेजचं नाव आणि स्लॉटची मर्यादा दोन्ही द्यायची, पहिल्यासाठी १ ते १२, दुसऱ्यासाठी १३ ते २४. नुसतं अपडेट स्लॉट्स दाबायची सवय मोडावी लागेल. शिवाय दोन्हीकडून एकाच क्षणी हात हलवायची आज्ञा जाऊ नये म्हणून दोन्ही पूलच्या जॉबच्या वेळा लांब ठेवा.

याहून चांगला रस्ता लायब्ररीतच असू शकतो. बऱ्याच लायब्रऱ्यांत पार्टिशन पाडता येतं. एका पेटीच्या दोन स्वतंत्र लायब्रऱ्या होतात, प्रत्येकीला आपला ड्राइव्ह, आपले स्लॉट, आपला चेंजर. मग सॉफ्टवेअरला दुसऱ्या ड्राइव्हची टेप दिसतच नाही आणि चुकीच्या ड्राइव्हमध्ये जायची वाटच बंद होते. तुमच्या मॉडेलला ती सोय आहे का, आणि तिला वेगळं लायसन्स लागतं का, ते मॅन्युअलमध्ये बघा. असेल तर मी डोळे झाकून तेच करा म्हणेन. मिश्र पिढ्यांची लायब्ररी चालवताना नियम माणसाच्या लक्षात ठेवण्यावर सोडू नयेत, असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे. रात्री दोनला फोन आलेला माणूस स्लॉटची मर्यादा टाइप करायला विसरणारच.

व्हिडिओ_परभणी

मध्येच विचारतो, माफ करा. आम्ही लग्न, कीर्तन, यात्रा यांचं चित्रण करतो. मूळ फुटेज एलटीओ-६ वर ठेवलेलं आहे, एलटीएफएसमध्ये (टेप फोल्डरसारखी उघडायची पद्धत), एक सुटा ड्राइव्ह आहे. आता स्वस्तात एलटीओ-८ ड्राइव्ह मिळतोय. दोन पिढ्या मागचं वाचतो म्हणतात, म्हणजे आमच्या ६ च्या टेप वाचेल ना?

गोदातीर

नाही वाचणार! थांबा, पैसे देऊ नका. दोन पिढ्या मागं वाचायचा नियम एलटीओ-७ पर्यंतच होता. एलटीओ-८ मध्ये हेडचं तंत्र बदललं आणि तो ७ आणि ८ एवढ्याच हाताळतो. एलटीओ-९ सुद्धा ८ आणि ९ च. तुमच्या ६ च्या टेपसाठी शेवटचा ड्राइव्ह एलटीओ-७. पुढच्या पिढीत जायचंच असेल तर तुमचा ६ चा ड्राइव्ह चालू आहे तोवर फुटेज नव्या टेपवर उतरवून घ्या. जुना ड्राइव्ह विकून नवा घ्यायचा विचार असेल तर तो सोडा.

व्हिडिओ_परभणी

ताई, फार मोठं काम केलंत. विकायचाच विचार होता. जत्रेतल्या जुन्या शाहिरांचं चित्रण आहे त्यात, ती माणसं आता राहिली नाहीत.

गोदातीर

मग आजच दोन प्रती करा, आणि दोन्ही परभणीत ठेवू नका. टेप कुठं ठेवताय तेही बघा. लांब मुदतीच्या साठवणीसाठी १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितलेली असते. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढं असतो, पत्र्याच्या स्टुडिओतल्या कपाटात काय होत असेल विचार करा. बाहेरून आणलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका, खोलीच्या तापमानाला यायला एक दिवस तरी द्या.

जुना_ऑपरेटर

प्रतींचं मांजराकाठ यांनाही लागू आहे. पतसंस्थेच्या सगळ्या टेप एकाच इमारतीत आहेत का? लातूर जिल्ह्यात हे मी वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत आणि आसपासच्या गावांत घरं, माणसं, कागदपत्रं सगळं एकदमच गेलं. दुसऱ्या गावातल्या शाखेच्या तिजोरीत एक संच पाहिजेच, आणि त्या शाखेत कॅटलॉगचा डंप आणि कॉन्फिगची प्रत पण पाहिजे. नुसती टेप असून भागत नाही. कोणत्या टेपवर काय आहे ते कॅटलॉग सांगतो.

मांजराकाठ

होय काका, सगळं एकाच ठिकाणी आहे. अध्यक्षांपुढं विषय ठेवतो. किल्लारीचं नाव काढलं की आमच्याकडं कुणी नाही म्हणत नाही.

आता कामाचं. पार्टिशनची सोय निघाली, लायसन्स न लागता. दोन पार्टिशन पाडली. बाय-आयडीची नावं टाकली, सर्व्हर मुद्दाम दोनदा रीबूट करून बघितला, ड्राइव्ह जागेवर राहिले. एसक्यूएलच्या आधी सिलेक्ट चालवलं तेव्हा एक टेप अशी सापडली की तिच्या नावात एल५ नाही आणि एल७ पण नाही. हातानं लेबल दिलेली होती, बारकोडशिवाय. ड्राइव्हमध्ये घालून डेन्सिटी बघितली, ५८. तिची नोंद वेगळी बदलली. एररवाल्या सगळ्या यूज्ड केल्या, मार्चअखेरच्या रीड-ओन्ली. त्यातल्या एका जुन्या टेपवरून २०१४ ची खतावणी रिस्टोर केली, उघडली, बेरीज जुळली. रात्रीचे जॉब पण आता सुटायलेत.

एक राहिलं. उद्या एलटीओ-५ ड्राइव्ह पण बंद पडला तर? एल५ टेप एलटीओ-७ ड्राइव्ह वाचतो म्हणालात, पण आता नावं वेगळी केल्यावर बाक्युला तिकडं जाऊ देईल का?

जुना_ऑपरेटर

सरळ जाऊ देणार नाही. रिस्टोरला टेपपुढं एलटीओ-५ आणि ड्राइव्हपुढं एलटीओ-७ दिसलं की लॉगमध्ये 'वाँट मीडिया टाइप' अशी तक्रार येईल आणि ते एलटीओ-५ वाला ड्राइव्ह शोधत बसेल. तशी वेळ आलीच तर नव्या ड्राइव्हसाठी दुसरी डिव्हाइस नोंद करायची, मीडिया टाइप एलटीओ-५ देऊन, आणि ती फक्त रिस्टोरसाठी वापरायची. एकाच ड्राइव्हच्या दोन नोंदी एकाच वेळी कामाला लावायच्या नाहीत. त्या नोंदीतून कुणी लिहायला जाऊ नये म्हणून तोवर सगळ्या एल५ टेप रीड-ओन्ली केलेल्या असाव्यात. नोंद आत्ताच लिहून, ओळी बंद करून, कॉन्फिगमध्ये ठेवून द्या. गडबडीच्या दिवशी शोधायला नको.

पण खरा उपाय मायग्रेशन. दोन्ही ड्राइव्ह चालू आहेत हाच मोका आहे. जुना वाचेल, नवा लिहील. एल५ पूलला नेक्स्ट पूल म्हणून एल७ पूल द्या आणि थोडे थोडे जॉब हलवा. ६ टीबीच्या एका टेपवर १.५ च्या चार टेप बसतात, स्लॉट पण मोकळे होतील. पार्टिशन दोन असले तरी दोन्ही ड्राइव्ह एकाच स्टोरेज डीमनखाली ठेवा. जास्त वर्षं ठेवायच्या आहेत त्या टेप पहिल्या घ्या. मूळ एल५ टेप मात्र हलवून झाल्यावर लगेच पुसू नका, रिस्टोर करून बघितल्याशिवाय नाहीच.

मांजराकाठ

शनिवारी रात्री पहिला जॉब लावतो, २०१४ च्या मार्चअखेरपासून.

गोदातीर

दादा, त्याआधी जुन्या ड्राइव्हला एकदा क्लिनिंग टेप द्या. एवढं सलग वाचन त्यानं बऱ्याच दिवसांत केलं नसेल. एलटीओची युनिव्हर्सल क्लिनिंग टेप दोन्ही ड्राइव्हना चालते, पण आता पार्टिशन दोन असल्यामुळं ती दुसऱ्या पार्टिशनच्या स्लॉटमध्ये असेल तर या ड्राइव्हला मिळणार नाही. दोन्हीकडं एकेक ठेवा. लेबल सीएलएननं सुरू होणारं लावा आणि पूलमध्ये क्लिनिंग प्रीफिक्स तेच लिहा, नाहीतर लेबल बारकोड्स मारताना बाक्युला तिलाही बॅकअपची टेप समजून लेबल करायला जाईल.